शेवटचं मडकं

१

स्तामातिस ग्रामेनोसचं डोकं फुटलं तेव्हा ग्रीसमधलं अख्खं कॉर्फू बंदर मडकी फोडण्यात दंग होतं, त्यामुळे एका जास्तीच्या आवाजाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराचा टोला पडला की या बंदरावरची शहाणीसुरती माणसं आपापल्या गॅलरीत येतात आणि पाण्याने गच्च भरलेली मातीची मडकी खाली रस्त्यावर आपटतात. वर्षभराची पीडा त्याबरोबर जाते म्हणे. दहा मिनिटं नुसता धडाका चालतो. बघे कमानींखाली अंग चोरून उभे राहतात, कारण उडालेला तुकडा पाहुणा आणि गावकरी असा भेद करत नाही. मग बँडवाले आनंदाची धून वाजवत निघतात आणि गल्ल्यागल्ल्यांतली माणसं त्यांच्यामागे धावत सुटतात.

माणसं अशी धावत गेल्यावर खाणावळवाला फोटिस झाडू घेऊन गल्लीत आला. आपल्या दारापुढची खापरं लोटत लोटत तो कोपऱ्यातल्या तीनमजली घरापाशी पोचला आणि तिथेच त्याने झाडू टाकला. घराच्या गॅलऱ्यांखाली स्तामातिस पालथा पडला होता. मागची कवटी आत बसली होती. केस कुठले आणि माती कुठली ते कळत नव्हतं, आणि दगडांवरच्या पाण्यातून रक्त गटाराच्या दिशेने वाहत होतं. डोक्याशेजारी मडक्याचं जाडजूड बूड पडलं होतं. तेही लाल झालं होतं.

इन्स्पेक्टर आग्लाया लाव्रानू चौकात गर्दी आवरत होती. निरोप मिळाला तशी ती पळतच आली. मेलेला माणूस तिच्या चांगल्या ओळखीचा होता. उन्हाळ्यात जुन्या बंदरातून पाहुण्यांना बोटीने फिरवायचं, संध्याकाळी भांडायचं आणि रात्री बायकोला बडवायचं, असा त्याचा ठरलेला दिनक्रम होता. त्याच्यासाठी गल्लीत कुणी रडणार नव्हतं.

तिने वर पाहिलं. पहिला मजला, दुसरा, तिसरा. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला लाल कापड बांधलं होतं आणि त्यावर वाकून एक एक्याऐंशी वर्षांची बाई खाली बघत होती.

"आग्लाया," ती बाई म्हणाली, "मीच मारलं गं त्याला."

ती आग्लायाची आई होती.

२

"सरळ हिशोब आहे," मुख्याधिकारी कालोगेरास म्हणाले. सणाच्या दिवशी प्रेत सापडलं म्हणून ते प्रेतावरच चिडले होते. "गल्लीत मडकी फोडणारी चार घरं. तिघांनी फोडली. याला वाटलं संपलं. आला बाहेर. वरून तुझ्या आईचं आलं."

"आईचं नेहमी शेवटीच असतं, साहेब. गल्लीत सगळ्यांत म्हातारी तीच. बारकं पोरही जाणून आहे. हा अठ्ठावन्न वर्षं इथे राहिला आणि विसरला?"

"प्यायला असेल."

"ईस्टरचा उपास संपायच्या आधी? तो बायकोला मारायचा, पण उपास मोडायचा नाही."

कालोगेरासनी घड्याळ पाहिलं. त्यांना गावी बोकड भाजायला जायचं होतं. "लाव्रानू, हे प्रकरण तुझ्याकडे द्यायलाच नको. पण माझी बाकीची माणसं गर्दीत अडकलीत. सहा वाजता मी कागद घेऊन येतो. हलगर्जीपणाने मृत्यू. तुझी आई सही करेल, म्हातारी आहे म्हणून घरी राहील, आणि आपण सगळे सण साजरा करू."

घरी राहील! आग्लायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आई वाटेतल्या मुंगीला वळसा घालून जाणारी बाई. आपल्या हातून माणूस मेला हे घेऊन ती पुढचा ईस्टरसुद्धा बघणार नाही, हे लेकीला कागदाशिवाय कळत होतं.

वर स्वयंपाकघरात रेजिनाबाई नळाखाली हात धरून उभ्या होत्या. घासत होत्या, पुन्हा साबण लावत होत्या. शेजारी कोझमास पांदिस उभा होता. पहिल्या मजल्यावरचा हा निवृत्त चांभार आग्लायाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. तिचा बाप समुद्रात गेला तेव्हापासून या घराचं जड सामान त्यानेच उचललं होतं. मडकंसुद्धा दरवर्षी तोच वर आणून ठेवायचा. त्याने नळ बंद केला, रेजिनाबाईंचा ओला हात आपल्या हातात घेतला.

"रेजिना, तुझा काही दोष नाही. ऐकतेयस ना? अपघात होता. कुणी तुला बोल लावणार नाही."

"तू पाहिलंस का रे, कोझमास? तो खाली होता का?"

"मी कुठला पाहतोय! पहिला टोला पडला नि मी चौकाकडे सुटलो. जुन्या बँडवाल्यांत उभा राहायला. परत आलो तर गल्लीला पोलिसांची दोरी. तुझं मडकं फुटताना यंदा मला दिसलंसुद्धा नाही."

आग्लाया आईसमोर बसली. "आई, टाकताना खाली पाहिलं होतंस?"

"पाहिलं. कुणी नव्हतं. म्हणजे मला तरी दिसलं नाही. माझे डोळे काय आता?"

"आणि टाकल्यावर?"

"टाकल्यावर कोण बघतं? पीडा टाकली की पाठ फिरवायची. तुझ्या आजीपासूनची रीत आहे." रेजिनाबाईंनी पुन्हा हाताकडे पाहिलं. "जातच नाही गं हे."

"काय जात नाही?"

"रंग. मडक्याला मी पट्टा काढते ना, तुझ्या बाबांच्या बोटीच्या निळ्या रंगाचा. यंदा डबा उघडला तर दगड झालेला. खिडक्यांचा हिरवा उरला होता, तोच आज सकाळी फासला. वाळायच्या आत अकरा वाजले." त्यांचा आवाज फाटला. "रंग बदलला म्हणूनच झालं असेल का?"

घड्याळात साडेबारा वाजले होते.

३

फोटिस खाणावळीच्या मागच्या दारी बसून कोकराची आतडी धूत होता. कोपरापर्यंत रक्त, ॲप्रनवर रक्त, बुटांवर रक्त. आग्लायाला बघून त्याने सुरी खाली ठेवली, मग बरं दिसणार नाही म्हणून ती फडक्याखाली सरकवली. त्यामुळे जास्तच वाईट दिसलं.

"गुरुवारी तू भर गल्लीत स्तामातिसला म्हणालास, 'तुझं डोकं फोडीन.'"

"म्हणालो. त्याने माझ्या टेबलावर मुतलं होतं, बाई. गिऱ्हाईक बसलेलं असताना. तुम्ही काय म्हणाला असतात, 'बसा, कॉफी घ्या'?"

"आणि आज?"

"आज आत होतो. चौदा जर्मन बसलेत, कालपासून उठलेच नाहीत वाटतं. मडकी फुटायला लागली तर त्यांना वाटलं युद्ध झालं. दोघं टेबलाखाली गेले. त्यांना बाहेर काढेपर्यंत बँड निघून गेला. विचारा त्यांना." फोटिसने थुंकी टाकली. "मी मुळात इथला नाही. लारिसाचा. मला ही रीत कळतच नाही. आधी घाण करायची, मग त्या घाणीचा तुकडा नशिबाचा म्हणून घरी न्यायचा. मी फक्त झाडतो."

जर्मनांनी एकमुखाने साक्ष दिली, आणि फोटिस चांगला माणूस आहे असंही सांगितलं. आग्लाया परत आपल्याच घराचा जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली.

अस्पासिया ग्रामेनूने दार उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा डोळा जांभळा. ती अंगावर बाहेर जायचे कपडे घालून बसली होती. विधवा होऊन दोन तास झाले होते, पण डोळ्यात पाणी नव्हतं.

"हात कधी मोडला?"

"काल. गुड फ्रायडेला. जिन्यावरून पडले."

"जिन्यावरून की नवऱ्यावरून?"

अस्पासिया हसली. ओठाची जखम उघडली तशी तिने हसू आवरलं. "मिरवणूक खालून जात होती. बँड शोकधून वाजवत होता. मी मेणबत्ती लावायला उठले, याला कॉफी हवी होती. त्याने हात पाठीमागे असा पिरगळला की मोडल्याचा आवाज मला ढोलाच्या वर ऐकू आला." तिने प्लास्टरवरून बोट फिरवलं. "आनंद झालाय मला. लिहून घे हवं तर."

"अकरा वाजता कुठे होतीस?"

"इथेच. खिडक्या बंद करून. मला फुटण्याचा आवाज सोसत नाही."

आग्लायाने तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. त्या बुडाचं वजन पाच-सहा किलो तरी असेल. एका हाताने, तेही डाव्या, ते डोक्याच्या वर उचलून आपटणं या बाईला जमणारं नव्हतं.

म्हणजे ज्या दोघांना मारावंसं वाटायला हक्काचं कारण होतं, त्यांनी मारलं नव्हतं. उरली एकच व्यक्ती, आणि ती वर नळाखाली हात घासत होती.

४

इस्पितळातल्या शवागारात डॉक्टर नव्हते. अहवाल मंगळवारी मिळेल, असं तिथल्या माणसाने तोंडातलं बिस्कीट न काढता सांगितलं. स्तामातिसचे कपडे एका पिशवीत बांधून ठेवले होते. आग्लायाने हातमोजे चढवले आणि ते पांढऱ्या टेबलावर पसरले.

चांगलं जाकीट होतं, सणाचं. कॉलर रक्ताने कडक झाली होती. बाहेरचे खिसे रिकामे. आतल्या, छातीवरच्या खिशाला बटण होतं आणि ते नीट लावलेलं होतं. तिने ते काढलं. आत घडी घातलेला रुमाल निघाला.

तिने रुमाल उलगडला.

आत तळहाताएवढी खापरी होती. लाल मातीची, ताज्या फुटलेल्या कडांची. तिच्यावरून बोटभर रुंद हिरवा पट्टा गेला होता. रंग अर्धवट ओला होता, रुमालाला चिकटून बसला होता.

ती तिथल्या स्टुलावर बसली. गावात प्रत्येक जण खापरी उचलतो. बोटवाले तर हमखास, कारण ती पहिल्या फेरीच्या आधी बोटीत ठेवायची असते. आणि गल्लीत सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या मडक्याची खापरी सगळ्यांत नशिबाची, म्हणून रेजिनाबाईंच्या तुकड्यांवर दरवर्षी उड्या पडतात. पण माणसं आधी बँडमागे धावतात, वेचायला मागून येतात. स्तामातिस मागे राहिला. त्याने तुकडा निवडला, रुमालात गुंडाळला, खिशात ठेवला, बटणसुद्धा लावलं.

म्हणजे शेवटचं मडकं फुटून गेलं तेव्हा हा माणूस धडधाकट उभा होता. त्याच्यानंतर वरून पडायला काहीच उरलं नव्हतं. ते बूड कुणीतरी जमिनीवरून दोन्ही हातांनी उचललं होतं.

"आईने नाही मारलं," आग्लाया मोठ्याने म्हणाली. शवागारातल्या माणसाने बिस्कीट चावायचं थांबवलं. तिला रडू फुटलं, आणि ते तिने लपवलं नाही.

पण मग कुणी?

५

ही बातमी आईच्या आधी कोझमासला सांगायची असं तिच्या मनात आलं, कारण म्हातारीला हळूच कसं सांगावं हे त्यालाच जमलं असतं. शिवाय गल्लीतून कोण कधी निघालं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. साडेचार वाजता ती पहिल्या मजल्यावर त्याच्या खोलीत शिरली.

"कोझमासकाका, आई सुटली! मडकं फुटल्यावर कुणीतरी त्याला मारलंय. माझ्याकडे पुरावा आहे."

"काय सांगतेस!" कोझमासच्या हातातलं कॉफीचं भांडं थबकलं. "देवाची कृपा. बस, बस. कुणी मारलं?"

"तेच शोधतेय. तू निघालास तेव्हा गल्लीत कोण कोण..."

तिची नजर त्याच्या पाठीमागे गेली. कोपऱ्यात संताच्या तसबिरीपुढे दिवा तेवत होता आणि त्याच्या फळीवर वर्षावर्षाच्या खापऱ्या मांडलेल्या होत्या. तिने लहानपणापासून पाहिलेल्या. निळ्या पट्ट्याच्या, एकीशेजारी एक. सगळ्यांत उजवीकडे एक नवी होती. तिच्या खालचं पांढरं कापड हिरवं झालं होतं.

आग्लाया शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "यंदा आईच्या मडक्याची खापरी मिळाली का रे तुला?"

"कुठली मिळते! सांगितलं ना, मी चौकात होतो. यंदा राहूनच गेली."

"कुणी आणूनही दिली नाही?"

"कोण देतंय, पोरी."

बोलता बोलता त्याने तिच्या नजरेचा माग घेतला आणि मागे वळून पाहिलं. बराच वेळ तो त्या फळीकडे बघत राहिला. आपलाच हात आपल्याला फसवून गेला यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"चाळीस वर्षं उचलतोय," तो म्हणाला. "तुकडा पडला होता पायाशी. मी वाकलो, आणि हात आपोआप गेला."

मग त्याने दाराला कडी घातली.

"त्याने हात मोडला तिचा. काल मी खाली ऐकत होतो. तेरा वर्षं ऐकतोय. आज तो त्या खापरांत बसून शीळ घालत तुकडे निवडत होता. शीळ, आग्लाया! मी बूड उचललं. एकदा मारलं तर तो गुडघ्यावर उठायला लागला. म्हणून परत मारलं."

"ते मला समजतं," आग्लाया म्हणाली. "पण माझी आई? ती सकाळपासून स्वतःला खुनी समजतेय, आणि तू तिचा हात धरून बसला होतास!"

"तिला कोण तुरुंगात टाकणार? म्हातारी बाई. अपघात. दोन महिन्यांत सगळे विसरले असते."

"ती विसरली असती?"

तिने दाराकडे पाऊल टाकलं आणि कोझमासने तिला भिंतीवर आदळलं. तिचं डोकं दगडावर आपटलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याचे चांभाराचे जाड, चिवट अंगठे तिच्या गळ्यात रुतले. "गप्प राहा," तो रडत म्हणत होता, "एवढं एकदा गप्प राहा, पोरी." तिने गुडघा मारला. त्याची पकड सुटली नाही. फळी कलंडली, दिव्याचं तेल दोघांच्या अंगावर सांडलं. श्वास संपत आला होता.

बाहेरून दारावर धडका बसू लागल्या. "कोझमास! काय चाललंय आत?" अस्पासियाचा आवाज होता. "कोझमास, दार उघड!"

त्या आवाजाने त्याची बोटं क्षणभर सैल पडली. आग्लायाने त्यातलं एक धरलं आणि उलट्या बाजूला मोडलं. तो ओरडला. तिने त्याला जमिनीवर पाडलं, पाठीवर गुडघा ठेवला, बेड्या अडकवल्या आणि मग खोकत खोकत कडी काढली.

अस्पासियाने आत पाहिलं. खापरं, तेल, जमिनीवर पडलेला म्हातारा. आग्लायाने दोन वाक्यांत सांगितलं.

"तुझ्यासाठी केलं," कोझमास फरशीवरून म्हणाला. "तू सुटावीस म्हणून."

अस्पासियाने डाव्या हाताने कोटाच्या खिशातून तिकीट काढलं. बोटीचं, इगुमेनित्साचं, दुपारी बाराचं, फक्त जायचं.

"मी सुटलेच होते," ती म्हणाली. "तो मडक्यांच्या नादात असताना निघणार होते. बहीण पलीकडच्या बंदरात दुपारी उभी होती माझ्यासाठी. तुला कुणी सांगितलं होतं? मला एकदा तरी विचारायचंस!"

कोझमासने चेहरा फरशीला लावला.

६

सहाला पाच मिनिटं असताना कालोगेरास स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते आणि रेजिनाबाईंच्या हातात पेन होतं. आग्लायाने कागद ओढून घेतला आणि फाडला. कालोगेरास ओरडायला उठले. तिने रुमालातली खापरी समोर ठेवली, सगळं सांगितलं, आणि खाली गाडीत कोण बसलंय तेही सांगितलं. साहेबांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं, टोपी घातली आणि कैद्याला ठाण्यावर न्यायला स्वतः निघून गेले. बोकड राहिला.

मायलेकी दोघीच उरल्या. रेजिनाबाईंनी पदराच्या टोकाने पुसावं तसे ॲप्रनने डोळे पुसले आणि हुंदका देऊन म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हाताने नाही."

"नाही, आई. तुझं मडकं रिकाम्या दगडावर फुटलं. तो त्यानंतर तुकडे वेचत होता."

"तू आलीस तेव्हा कोझमास इथे होता. माझा हात हातात घेतला. 'तुझा दोष नाही' म्हणाला. तेव्हा त्याला सगळं माहीत होतं?"

"हो."

"दुपारी सूप घेऊन आला. चमच्याने भरवलं. तेव्हाही?"

"तेव्हाही."

रेजिनाबाई उठल्या, लेकीजवळ आल्या आणि तिची कॉलर बाजूला केली. गळ्यावर दोन्हीकडे बोटांचे वळ काळेनिळे उठले होते. म्हातारीने ते एकेक करून मोजल्यासारखे पाहिले.

"बाप्तिस्म्याला याच हातांनी तुला पाण्यातून वर काढलं होतं त्याने," त्या म्हणाल्या. "मी शेजारी उभी होते."

त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी चर्चला जायची काळी शाल घेतली होती आणि बूट घातले होते.

"मला ठाण्यावर ने."

"कशाला, आई? जबाब उद्या घेता येईल."

"जबाब नाही द्यायचा मला. त्याच्या तोंडावर थुंकायचंय."

हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. आग्लायाने गाडीची किल्ली उचलली.